किटाळ

गावाचं नाव किटाळी.
कीड मोजायला मला इथंच पाठवलं
म्हणून ऑफिसातले हसले. मीही हसले.
गमबूट एक नंबर मोठे मिळाले होते,
पंजात चिंध्या कोंबून आले.

धुऱ्यापासून पाच पावलं बांधीत शिरायचं.
चूड डाव्या हातानं वाकवायची,
बुंध्यावर दोन टपल्या द्यायच्या
आणि पाण्यावर पडेल त्याचं नाव घ्यायचं,
ते उडी मारून निसटायच्या आत.
लिहायला यशपाल, बारावीचा,
गणितात कच्चा, डोळ्यांनी पक्का.

"तुडतुडे चौदा."
"चौदा."
"कोळी तीन. थांब, चार.
एक पानाला चिकटून लांब झालाय,
पाय पुढं-मागं ताणून, काडीच जशी."
"कोळी कुठं लिहू, मॅडम?"

तक्त्यात धान खाणाऱ्यांना अकरा रकाने.
राहिलेल्या साऱ्या जिवांना मिळून एक,
कडेचा, बोटभर:
इतर, असल्यास.

धुऱ्यावर फुलवंताबाई भोयर.
कमरेला खोचलेल्या पिशवीत बाटली, सील न तोडलेली.
"दहाच्या वर गेले का मारा,
तुमच्याच साहेबानं सांगतलं.
चौदा झाले ना?"
झाले.

बुटात पाणी शिरत होतं.
कुठून सांगायला घेऊ यांना?
आखाडात चिखलणीच्या वेळी
तुम्ही शेणखत टाकलं, करंजाचा पाला तुडवला,
तो कुजला, त्यात चिलटं जन्मली,
धुरासारखी, कुणाचं काही न बिघडवणारी,
तेव्हापासून चालू आहे हे.
धान खायला अजून कुणी आलं नव्हतं
तेव्हा कोळ्यांनी त्या चिलटांच्या जिवावर
संसार मांडले, पिल्लं वाढवली,
भूक तयार ठेवली.
तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अख्खं गाव
वेशीवर जाऊन ओरडलं,
माशा-मोंगसे घेऊन जाय गे मारबत!
मारबत गेली.
चिलटं मागे राहिली, नशीब तुमचं.

मी पुन्हा वाकले. भिंग काढलं.
चौदातले तीन तुडतुडे नव्हतेच.
हिरवट ढेकूण ते, राईपेक्षा थोडे मोठे,
तुडतुड्यानं पानाच्या गाभ्यात लपवलेली अंडी
सोंडेनं हुडकून पिणारे.
दिसायला तसेच, बसायला तिथंच.
हंगामामागून हंगाम
आपण यांना चोरांच्या यादीत लिहिलं, हे किटाळ
कुणी पुसायचं?

"यशपाल, खोड. अकरा कर."
"तरी दहाच्या वरच हायेत," फुलवंताबाई म्हणाल्या.

"चार दिवस थांबा."
"आन् चार दिवसांत बांधी करपली तं?
तुमी येसान का पोतं भरून द्याले?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्या रात्री ट्यूबलाइटवर आलेले तुडतुडे
उशीवर डोकं ठेवून मोजत राहिले.
सदुसष्टला थांबले.

चौथ्या दिवशी आधी शेजारच्या बांधीत गेले,
झोड्यांच्या, फवारलेल्या.
तुडतुडे दोन. कोळी शून्य. टाचण्या शून्य.
कागदावर हा आकडा फार देखणा दिसतो.
पाण्यावर पाय टाकला तर
काहीच पळालं नाही.

मग फुलवंताबाईंची बांधी.
या वेळी त्यांनीच चूड वाकवली,
बांगड्या कोपराकडे सारून.
"नऊ," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.
पाण्यावरून एक कोळीण पळत गेली,
मागे पांढरं गाठोडं बांधलेलं,
बुडायचं नाव नाही,
थेट पुढच्या चुडीच्या आडोशाला.

"हे गाठोडंवाली," फुलवंताबाईंनी विचारलं,
"एक धराची का पिल्लायसकट?"

यशपालचं पेन
कडेच्या त्या बोटभर रकान्यावर थांबलं.
तिथं आता जागा नव्हती. त्यानं कागद उलटा केला.

पिशवी अजून कमरेला होती.
आत बाटली होती की नव्हती,
मी विचारलं नाही.
अकरा चुडी राहिल्या होत्या.