दात येण्याचे दिवस

सोहारमध्ये ऑगस्ट.
रात्री अकरालाही भिंत हाताला चटका देते,
दुपारी याला फिरायला कुठे नेणार?
एसीच्या थेंबाखाली, गार फरशीवर पोट टेकून
खुबूस माझी चप्पल खातो.

नाव जोजीने ठेवलं.
बंदराच्या तीन नंबर गेटपाशी, कंटेनरच्या सावलीत मिळाला
तेव्हा असाच होता, त्या रोटीच्या रंगाचा,
मधे मधे करपलेला.

आठ दिवसांत दोन चपला,
चार्जरची वायर (नशीब, बटण बंद होतं)
आणि माझ्या रेसिडेंट कार्डाचा एक कोपरा.
जोजी म्हणाला, रबराचं हाड मिळतं, साडेचार रियाल.
साडेचार रियालचे रुपये माझ्या डोक्यात
मी न सांगताच होतात.
मी फ्रीज उघडला.

एक गाजर. बारीक नाही, मुठीत मावेल न मावेल असं.
रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी दगड.
आधी तो गाजरावर भुंकला.
मग दोन्ही पंजांत धरून बसला,
उसाचं कांडं हाती आलेल्या पोरासारखा,
आणि तासभर घरात फक्त एसी वाजत राहिला.

मग मला नादच लागला.
बिनसाखरेचं दही ताटलीत गोठवलं.
कंपनीचं नाव अर्धं धुऊन गेलेला टॉवेल
भिजवून, पिळून, मधोमध गाठ मारून गारठवला.
पाण्याची बाटली, झाकण काढून,
झाकणाखालची कडीही कापून,
जोड हरवलेल्या मोज्यात घातली; असले मोजे इथे प्रत्येकाकडे.
अंड्यांच्या ट्रेचे तीस खळगे,
दहांत त्याच्या खाण्याचे दाणे, वीस रिकामे.
रिकाम्यातही तो तितक्याच भरवशाने नाक खुपसतो.
मला यावर काहीतरी बोलायचं होतं,
पण जोजी झोपला होता.

हिलालसाहेबांनी घरच्या बागेतले खजूर दिले.
सात खाल्ले, सात बिया मोजून डब्यात टाकल्या,
डब्यावर झाकण, झाकणावर वीट.
द्राक्षं, मनुका, कांदे, जोजीची चॉकलेटं वरच्या फळीवर.
कोंबडीचं शिजलेलं हाड कितीही मागितलं तरी नाही.
ट्रेचा लगदा व्हायला लागला की उचलायचा.
गाजराचं शेंडूक उरलं की तेही तोंडातून काढायचं,
गिळलं तर अडकेल.
म्हणजे सगळं स्वस्त आहे,
फक्त समोर बसून राहावं लागतं.

व्हिडिओवर प्रमिलाला दाखवलं. हसली.
म्हणाली, ऋजुताला दात येत होते तेव्हा
मी हेच करायचे की,
गार गाजर, ओल्या फडक्यात गुंडाळून.
मला माहीत नव्हतं.
ते दात मी फोटोत पाहिले होते,
आधी दोन, मग एकदम सहा.
विचारलं, किती वेळ बसायचीस?
ती म्हणाली, झोपेपर्यंत. आणि किती वेळ?
मग वीजबिलाचं बोलणं निघालं.

काल झाडताना फरशीवर
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं.
खुबूसचा दात. मुळाशी किंचित लाल.
तो कोपऱ्यात टॉवेलशी झोंबत होता,
त्याला पत्ताही नव्हता.
आमच्याकडे पडलेला दात कौलांवर भिरकावतात.
इथे कौलं नाहीत.
खिडकी उघडली, वाफ अंगावर आली,
एसीच्या बाहेरच्या डब्यावर टाकला.
टिण् झालं.

खिडकी लावली. गाजरं संपलीत.
दोनशे बैसांत पाच-सहा येतात,
सकाळी शिफ्टवरून येताना घ्यायला हवीत,
जाड बघून.