मंद आच

पोर्ट व्हिलाच्या सरकारी इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत
मी देशांना इस्त्री करते.
एकोणीस वर्षं झाली.
कुणाचा मुलूख केवढा, फौजफाटा किती, ते कालमेट साहेबांना ठाऊक;
मला एवढंच कळतं, कोणता देश किती आच सोसतो.
तो बर्फाळ देश पॉलिस्टरचा, हात रेंगाळला की चिकटलाच.
ज्यांची इथे पूर्वी कचेरी होती, तुरुंग होता,
त्यांचा अजून सुती, जाड,
पाणी शिंपडल्याशिवाय सुरकुती सोडत नाही.
आणि स्टेडियमवाल्यांचा
इतका तलम, की वाटतं आपलाच रविवारचा झगा.

या आठवड्यात दोघे पाठोपाठ.
मंगळवारी स्टेडियमवाले, गुरुवारी इस्पितळाचं जहाज.
मंगळवारवाल्यांचा झेंडा दोन बोटं लांब निघाला.
कालमेट साहेब पट्टी घेऊन धावत आले:
"एडिना, आतून दुमड. कुणाला दिसता कामा नये."
मी दुमडला. धाग्याचा रंग जुळवला.
एवढ्याशा देशाची परराष्ट्रनीती
कधीकधी सुईच्या नेढ्यातून जाते.

ओरडत कुणी नाही.
बंदुका घेऊन आलेले माझ्या आजीने पाहिले होते;
यांच्या हातात वह्या, व्हायोलिनं, मच्छरदाण्या,
भाषेचे फुकट वर्ग, पहिल्या तासाला बिस्किटं.
एकाने पूल दिला, तर दुसऱ्याने लगेच त्या पुलावर दिवे.
त्यांच्या मालिका आमच्या वस्तीत रात्री नऊला.
शेजारची मेरियान आता त्यांच्यासारखी रडते,
ओठ मिटून, एकाच डोळ्याने.

मऊ लागलं की कोपराने खणतात.
पण आम्ही मऊ म्हणून ते खणतात,
की ते मऊ म्हणून आम्ही?
आमचे मंत्री काही भोळे सांब नाहीत.
न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात आमचंही एक मत आहे,
खंडाएवढ्या देशाच्या मताइतकंच वजनदार,
आणि ते कुणालाही एका भेटीत मिळत नाही.
सगळ्यांच्याच कोपराला गूळ.

आजोबांना हे सांगितलं असतं तर हसले असते.
अंबे बेटावर त्यांनी आयुष्यभर डुकरं वाटली,
वाकड्या सुळ्यांची, सुळा पुरता वळून जबड्याकडे परतलेली,
सात-सात वर्षं हाताने भरवलेली.
एक देऊन टाकलं की एक पायरी वर, एक नवं नाव.
ज्याच्या घरी कमी उरलं, तो मोठा.
"दोरी दिसत नाही," म्हणायचे,
"रात्री डुक्कर ओरडलं की कळतं, टोक कुणाकडे आहे."

एक टोक माझ्याही घरात आहे.
विरा, माझा मुलगा, शिष्यवृत्तीवर गेला, स्टेडियमवाल्यांकडे.
धरणं बांधायला शिकतो.
इथली नदी गुडघाभर.
हल्ली फोनवर 'आपल्याकडे' म्हणतो
तेव्हा मला क्षणभर थांबावं लागतं. कुणाकडे?
पण दात चांगले झालेत त्याचे. मोकळा हसतो.
मी काय बोलू.

काल पेटी आली: आमचेच झेंडे, दोनशे, भेट.
लाल, हिरवा, काळा, पिवळी रेघ, आत सुळा.
हिरवा जरा निराळा, कुठल्या तरी दुसऱ्या झाडाचा.
सुळा वळता वळता मधेच थांबलेला, कोवळ्या डुकराचा असतो तसा.
"लांबून कोण बघतंय," कालमेट साहेब म्हणाले.
शिवणीत एक चिठ्ठी, चौकोनी अक्षरांची.

मी ती फोनसमोर धरली.
विराने डोळे बारीक केले, त्यांच्या भाषेत वाचलं,
मग माझ्या.
आधी त्यांच्या.
"मंद आचेवर इस्त्री करावी, आई. रंग सुटतो."

कात्री हातात होती.
बाहेर बँडवाले सूर जुळवत होते,
आधी पाहुण्यांचं गीत, मग आमचं.
चिठ्ठी मी तशीच राहू दिली.
बटण मात्र फिरवलं शेवटच्या आकड्यापर्यंत,
आणि ओल्या फडक्यावरून, अंदाजाने,
सुळ्याच्या त्या अर्ध्या टोकापासून सुरुवात केली.