नावं खाली, आकडे वर

नवतप्याचा चौथा दिवस, रात्रीचे दोन चाळीस.
परसोडीला आमच्या इमारतीच्या तळघरात
सर्व्हर रूमचा दोन नंबरचा एसी
खोकला, एकदा थरथरला
आणि बसला.

फोनवर पहिला इशारा: एकतीस अंश.
मी स्कूटी काढेपर्यंत चौतीस.
वर्धा रोडच्या डांबराला अजून दुपारचाच वास.

रंगारी काका दारातच उभे, खांद्यावर ओला दुपट्टा.
"मॅडम, घरून कूलर आणू काय? टाकी भरून ठेवेल हाय."
नको काका. ओली हवा यांना सोसत नाही.
"मंग यायले कोरडी थंडी पाह्यजे!
नखरे हायेत राजेहो."

अकरा जिल्ह्यांच्या रक्तपेढ्या आमच्याकडे.
म्हणजे रक्त नाही, रक्ताचा हिशोब.
करार असा, की नावं या इमारतीबाहेर जायची नाहीत.
नाव, पत्ता, फोन, कोणाला कधी कावीळ झाली होती,
सगळं डावीकडच्या रॅकमध्ये, कुलपात.
आकडे मात्र जाऊ शकतात:
कुठे किती पिशव्या, कोणता गट, कुठल्या तारखेपर्यंत चालतील.

खुर्ची ओढून मी वाटणीला बसते.
साठ्याचा अंदाज बांधणारा प्रोग्राम: जा.
महिन्याचा अहवाल: जा, तसाही कोणी वाचत नाही.
एसएमएस पाठवणारा: थांब,
तुला नंबर लागतो, म्हणजे नाव लागतं, तू इथलाच.
गडचिरोलीची लाइन रात्री तुटते,
तिथल्या नोंदी रांगेत धरून ठेवणारा:
अर्धा जा, अर्धा राहा.
या अर्ध्याअर्ध्याचाच मला पगार मिळतो.

"जाते कुठं हे सारं?"
क्लाउडमध्ये.
काका जिना चढून बाहेर जाऊन येतात.
"आभाळात तं एकबी ढग नाही."
मुंबईत आहे काका. कोणाच्या तरी अशाच खोलीत.
फक्त त्यांचा एसी चालू आहे.
"म्हंजे किरायाची खोली."
हो. आणि किराया मिनिटावर.

शाळेच्या सहलीत झिरो माइलच्या खांबाला हात लावून
आम्ही समजायचो,
देशाचं मधोमध तळहाताखाली आलं.
आता अंतरं कोणी दगडात कोरत नाही.
मुंबई एरवी अठरा मिलिसेकंद,
आज सव्वीस.
वाटेत कुठे केबल तापली असेल,
किंवा माझ्यासारखंच कोणी
घाम पुसत माल वर चढवत असेल.

एक अडकतं. पुन्हा पाठवते.
पुन्हा अडकतं. पासवर्ड जुना, गेल्या दिवाळीतला.
हेमलता डेकाटेंना उठवते, त्या झोपेतच नवा सांगतात,
त्यात त्यांच्या मांजरीचं नाव.

तीन वीसला उजवी बाजू बंद केली.
पंख्यांचा आवाज एकेक पायरी उतरला.
तेहतीस. बत्तीस.
बत्तीसवर बराच वेळ. मग तीस.
उरलेल्या एका एसीची सगळी थंडी
आता नावांच्या वाट्याला.

काका स्टुलावर टेकले.
"माह्यं बी नाव असन यात.
एकसष्ट खेपा देल्लं रगत. ओ निगेटिव्ह.
पाहून सांगता काय, हाय का?"

या रॅकला मी थंड ठेवू शकते,
बंद करू शकते, दुरुस्त करू शकते.
आत डोकावू शकत नाही.
नियम मीच लिहिलाय, गेल्या वर्षी,
मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

नाही दिसत काका. मला परवानगी नाही.

"बरं."

त्या 'बरं'नंतर मी मुंबईला गेलेल्या आकड्यांना विचारलं.
लगेच उत्तर.
ओ निगेटिव्ह, नागपूर, या घडीला: नऊ पिशव्या.

काका स्क्रीनकडे बघत राहिले.
"त्यातली एक माही. मांगच्या बुधवारची."

असेल. किंवा मंगळवारीच
कोणाच्या तरी अंगात गेली असेल.
आकड्याला विचारून ते कळत नाही.

मग ते उठले,
दुपट्टा घेऊन बाहेर गेले
आणि यंत्रांपासून लांब, वरच्या पायरीवर उभं राहून
त्यांनी तो सावकाश पिळला.