साडेतीन बदाम

दप्तरखान्यात अठरा वर्षं झाली मला.
खाली बंदर, वर ढगात डोकं घालून झोपलेला डोंगर,
मध्ये सगळ्या बेटाची जन्ममृत्यूची बाडं
आणि मी, हातात सुती मोजे घालून.

जून लागला की अमेरिकेतून माणसं येतात.
हातात छापील कागद, त्यावर टक्के:
इतका पोर्तुगाल, इतका बास्क, आणि चिमूटभर काहीतरी,
जे सांगताना आवाज उगाच खाली येतो.
सगळी नळीत थुंकून आलेली.
(आम्ही लहानपणी थुंकलो तर आई फटकवायची.)

नॉर्मंड रेझेंडिस. वय एकाहत्तर.
बाप, आजा फॉल रिव्हरच्या कापडगिरणीत,
स्वतः शाळेच्या बसवर ड्रायव्हर.
म्हणाला, पणजी फेलिज्मिना.
पुढे आडनाव सापडत नाही.

नसायचंच.
हॉस्पिटलच्या भिंतीत फिरतं लाकडी पिंप होतं.
बाहेरून मूल ठेवायचं, घंटा ओढायची, पळायचं.
आतली बाई पिंप फिरवायची.
अशा मुलांना नुसतं नाव मिळे,
नोंद करणाऱ्याला त्या वेळी सुचेल ते.

बाड काढलं. मार्च १८५८.
रात्री पावणेदोन. मुलगी, अंदाजे तीन दिवसांची.
दोन झबली, एकाची बाही उसवलेली.
गळ्यात निळी फीत.
आणि पानाला टाचलेला अर्धा पत्ता:
बदाम सत्ती, उभी कापलेली.

तीन बदाम अख्खे, मधला चिरलेला.
नॉर्मंडनं बोट न लावता मोजले. साडेतीन.
टाचणीचा गंज खाली पाच पानं उतरलाय,
दुसऱ्याच पाच बाळांवर.

अर्धा पत्ता ठेवून जाते ती परत येणार असते,
उरलेला अर्धा घेऊन.
आल्याची नोंद उजव्या रकान्यात.
रकाना मी दाखवला नाही.
त्यानंच पाहिला.

मग त्यानं फोन पुढे केला.
टोरांटोतली एक दाताच्या दवाखान्यातली नर्स,
एकोणचाळीस सेंटीमॉर्गन जुळतात.
तिची आत्या इथंच, उतारावर, दोरेबटणांचं दुकान.
मी म्हटलं, एवढ्यानं हुरळू नका,
या बेटावर नात्याबाहेर लग्न करायचं
तर पोहत जावं लागायचं.
एकोणचाळीस माझे पोस्टमनशीही निघतील.

तरी गेलो.

इडालीनाबाई अठ्ठ्याऐंशीच्या. ऐकून घेतलं.
नळी बघून म्हणाल्या, माझी थुंकी माझ्यापाशी राहू दे.
पणजीची अब्रू मी बाटलीत भरून पाठवणार नाही.
पुढे बराच वेळ बटणं निवडत राहिल्या.
मग मलाच विचारलं, त्याच्याकडे न बघता:
उन्हात आला की शिंकतो का हा?
आमच्यात सगळे शिंकतात. दोनदा.
मिस्सा सुटला की चर्चच्या दारात
आमचं घर कानानं ओळखू यायचं.

नॉर्मंड बाहेर जाऊन उभा राहिला,
टोपी काढून, तोंड वर करून,
डॉक्टरपुढे राहावं तसा.
मी सरकारी नोकर,
कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी,
एका म्हाताऱ्याच्या शिंकेसाठी श्वास धरून.

शिंकला.

बाईंची मान वर झाली. हातात बटण तसंच.
दुसरीची वाट पाहिली आम्ही तिघांनी.
एक मोटरसायकल गेली. कुणाच्या तरी घरात
लसूण करपत होता.

आत येऊन त्यानं हातभर फीत मागितली, निळी.
त्यांनी मापली. बोटभर जास्तच कापली.
सुटे वीस सेंट कमी पडले.
मी पर्स उघडली, तर म्हणाल्या, तू राहू दे,
तो आणून देईल.
त्यांच्या डोक्यावर भिंतीत फरशी बसवलेली,
तिच्यावर लिहिलंय: उधार बंद आहे.

उतरताना त्यानं विचारलं,
दुकान सकाळी किती वाजता उघडतं?
नऊला, मी म्हटलं.

विमान आठचं होतं.