कोरडं बेअरिंग

पहाटे साडेचारला मी खोदयंत्राच्या केबिनमध्ये चढतो.
इंजिन कधीच भंगारात गेलं,
पण खुर्ची शाबूत आहे,
माझ्या बुडाचा खळगा तिला अजून पाठ आहे.
फुटक्या काचेला गोणपाट, गोणपाटाला भोक,
भोकातून एमेकेची जुनी लेन्स.
लेक बुडापेस्टला गेली, कॅमेरा माझ्या गळ्यात घालून:
बाबा, दिवसभर टीव्हीपुढे बसू नका.

समोर वीटभट्टीची दरड.
पिवळी माती, तीस-पस्तीस बिळं,
आणि तिसा नदीवरून ऊन सरकत आलं
की एकेक करून बाहेर पडणारे ते:
पाठ विटकरी, गळा हळदीचा,
पोट असं निळं-हिरवं की पिरोश्का म्हणते,
देवाकडे शेवटी रंग उरले होते, फेकायचे कशाला.
आमच्याकडे त्यांना द्युर्द्यालग म्हणतात.
भरभर चारदा म्हणून बघा,
तेच त्यांचं बोलणं.

नर वाळक्या फांदीवर मधमाशी आपटतो,
एकदा, दोनदा,
मग तिची शेपटी सालीवर घासत राहतो
नांगी निघेपर्यंत.
मग उगाच इकडेतिकडे बघत
मादीच्या दिशेनं सरकतो.
क्लिक.
बावन्नातले पन्नास हललेले.

दहाला पत्रा तापतो, आणि देझो येतो सायकल ढकलत.
त्याच्या चाळीस पेट्या अकेशियांच्या पलीकडे.
या पाखरांचं नाव काढलं की तो थुंकतो.
मी त्याला कॅमेऱ्याचा पडदा दाखवतो:
चोचीत आडवी धरलेली माशी,
पंखांच्या शिरा मोजून घ्याव्यात.
तो चष्मा कपाळावर सारतो, बराच वेळ बघतो.
"ही माझीच. चौथ्या पेटीतली."
"कशावरून?"
"आळशी होती."
मग सायकलवर टांग टाकता टाकता,
"मोठा काढून दे एक. पेट्यांपाशी टांगतो.
शत्रूचं तोंड ओळखीचं असावं."

मी हसलो.
त्याला सांगितलं नाही.
कुणालाच सांगितलेलं नाही,
पिरोश्कालाही.

ही दरड मीच कापायचो, याच खुर्चीतून.
असाच जुलै होता.
दात मातीत घुसले की बारीक आवाज यायचा,
चिर्र, चिर्र,
मला वाटलं बेअरिंग कोरडं पडलंय.
खाली उतरलो, ग्रीस भरलं,
चिंधीला हात पुसले,
पुन्हा चढलो.
दुपारपर्यंत आवाज गेला.
फोरमन म्हणाला, बघ, ग्रीसनं काम केलं.

इंजिन बंद केल्यावरही येत होता का तो?
हे मी इतक्यांदा आठवून बघितलंय
की आता आठवत नाही.

बिळांत पिल्लं आहेत सध्या.
भर दुपारी मोठी पाखरं तारेवर चोच वासून बसतात,
तेव्हा दरड आतून बोलते.
ते फोटोत येत नाही.
मी लेन्सला झाकण लावतो, पाणी पितो,
खाली मात्र उतरत नाही.
उजवा हात आपसूक दांड्यावर जातो.
गंजलाय. हलत नाही.
रोज ओढून बघतो.