कूलर बंद ठेवून

ऐकायच्या पेपराचा सराव असला
की मी कूलर बंद करते.
मे महिना, तांडापेठ, दुपारचे तीन.
आई पदराने वारा घेत म्हणते,
"त्या भाषेले गर्मी नाही होत का वं?"

होते. चार सूर आहेत तिला, चारही घामाघूम.
तिसरा मी नरेंद्रनगरच्या पुलाखाली शिकले :
गाडी खाली जाते, पोटात गोळा,
मग पलीकडे वर, उजेडात.
दुसरा म्हणजे शेवंताकाकूचं "हौ?"
चौथा म्हणजे बाबांचं "हौ."
ज्यानंतर घरात कुणी काही विचारत नाही.

पाच वर्षं मी बुटीबोरीत दुभाषी होते,
मशीनबरोबर आलेल्या इंजिनिअरांच्या मागे मागे,
बोल्ट, ग्रीस, वॉरंटी, उद्या बघू.
तेव्हा माझी चूक झाली तर मशीन थांबायची.
आता शिकवायचा परवाना हवाय.
आता चूक झाली तर
कुणीतरी जन्मभर ती चूक बोलत राहील.

फॉर्मवर विचारलं होतं, शिकवायचं का आहे?
तीनशे शब्दांत.
मी संस्कृती लिहिली, मैत्री लिहिली,
एका म्हणीत एक मात्राही चुकवली नाही.
दुर्योधन पराते लिहिला नाही.
फिटर. मशीनवरच्या लाल अक्षरांखाली
उरलेल्या तीन बोटांतलं एक धरून
त्यानं विचारलं होतं,
"मॅडम, हे हात घाला हाये का घालू नका?"

पंधरा मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा असतो,
मधे दुसऱ्या भाषेचा एक शब्द चालत नाही.
जिथे माग होता तिथे फळा टांगलाय.
माग भंगारात गेला, फरशीवर तेलाचे डाग राहिले,
त्या डागांवर माझा वर्ग बसतो :
बाबा, काकू, आणि मोबाइल काढून घेतलेला भाचा.

आज अक्षरांच्या डाव्या अंगाचा पाठ.
एक खूण आहे, पिळलेल्या दोऱ्यासारखी,
तिचा अर्थ रेशीम.
लाल रंगात ती आहे, शेवटात आहे,
सरावातही आहे,
कारण सराव म्हणजे मुळात
कच्चं रेशीम उकळून मऊ करणं.
हे सगळं मला हातवारे करून सांगायचं होतं.
भाचा हसला. काकूला वाटलं मी पापड लाटतेय.

बाबा मात्र फळ्याजवळ आले,
चष्मा कपाळावर सारून
एका अक्षरापाशी थांबले.
ते अक्षर ताण्याचं. उभ्या सुताचं. चिंग.
मी नियम मोडला, मराठीत सांगितलं.
चाळीस वर्षं ज्यांनी पहाटे गल्लीत ताणा पसरला
त्यांना हातवाऱ्यांनी काय सांगणार?

"चिंग," बाबा म्हणाले, आणि शेवटी सूर पडला.
"पाडू नका बाबा. पहिला सूर आहे. ताणून धरा."
"अन् तुटला तं?"
"सांधायचा."
हे मला त्यांनीच शिकवलं होतं,
सातवीत, चिमटीत सूत देऊन,
माझ्या गाठी दाताने सोडवत.
त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा पडला.
तिसऱ्यांदा इतका ताणला की खोकला आला
आणि काकू पाणी आणायला धावली.

नमुना पाठ, एकूण वेळ बावीस मिनिटं. नापास.

रविवारी दिल्लीची गाडी, वेटिंग अडतीस.
बॅगेत हॉल तिकीट, दोन पेन्सिली, आईच्या शेवया,
ज्या कुठे शिजवणार ते मला माहीत नाही.
व्याकरणाची वही अजून बाहेरच आहे.
आई कूलरच्या बटनावर हात ठेवून उभी.
"झालं का?"

त्या भाषेत "झालं"साठी एक चिमुकलं अक्षर आहे,
बहुतेक वेळा शेवटी येतं, त्याला सूरच नसतो.
बारा मार्कांचा प्रश्न येतो त्याच्यावर.
ते कुठे लावायचं
आणि कुठे मुळीच लावायचं नाही,
तेवढं मला अजून नीट जमत नाही.