नेलकटर

फतेगंजला उपासना सुटली की
एस्तेरमावशी रणपिसे रिक्षा करते सयाजी इस्पितळाची.
पाच रुपयांसाठी गुजरातीतून कडाकडा भांडते,
उतरताना दहा जास्त देते.

पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका,
चहाचा थर्मास,
तळाशी जुनं नेलकटर.

त्या रविवारी मीही होते.
हाडांच्या वॉर्डात छनाभाई,
दोन्ही हात प्लास्टरात.
"मी पादऱ्याचा," म्हणाले.
"मीपण पाद्र्याचीच," मावशी हसली,
"माझे वडील पाद्री होते की!"
त्यांना विनोद कळला नाही.
तिनं तोच पुन्हा सांगितला.

पुस्तिका पुढे केली, तर म्हणाले,
"बेन, वाचायला डोळे आहेत,
धरायला हात कुठायत?
त्यापेक्षा पायाची नखं बघा,
रात्रभर चादरीत अडकतात."

मावशीनं स्टूल ओढलं.
भेगाळलेलं पाऊल मांडीवर घेतलं,
उपासनेच्या पांढऱ्या साडीवर.
कट्. कट्.
शेजारच्या खाटेवरचा मुलगा
मोबाइल बाजूला ठेवून बघत राहिला.

नखं उडत होती,
म्हणून तिनं पुस्तिकाच उघडून पसरली खाली.
"मावशी, अगं, वचन आहे ते!"
मी पुटपुटले.
"असू दे," ती मान न वळवता म्हणाली,
"वचनालाही कळू दे कशासाठी आलंय."

करंगळी राहिली होती.
तिथं दुखायचं, म्हणून ती फुंकर घालत थांबली.

निघताना छनाभाईंनी विचारलं,
"पुन्हा कधी?"
"वाढतील तेव्हा," म्हणाली,
आणि मुलाकडे वळली:
"बघू रे, तुझी."